मेपल नको, कोशिंब लावा : गोव्यातील पावसाळी लागवडीसाठी सल्ला

ऑनलाइन दुकानांतून मेपलच्या बियांची पाकिटे आणि कुंडीतली रोपे हल्ली सहज मिळतात, त्यामुळे मृगाच्या पावसावर ती अंगणात किंवा कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला लावावीत का, असा प्रश्न काही बागायतदारांना पडतो. गोव्याच्या हवामानात ती लावू नयेत, असाच आमचा सल्ला आहे, आणि त्याचे कारण या झाडाच्या स्वभावातच आहे.

ज्याच्या गोड रसापासून पाक करतात तो शर्करा मेपल मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. पंज्यासारखी खाचदार पाने समोरासमोर येणे आणि पंख असलेली फळे जोडीने लागणे, ही त्याची ओळख. त्याचे बी सुमारे तीन महिने १ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात ओलसर राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवून ते रुजवता येते, हे खरे. पण खरी अडचण त्यानंतरची आहे. पानगळीनंतर झोपी गेलेल्या कळ्यांना पुन्हा फुटण्यासाठी दरवर्षी दीर्घ थंडी लागते, आणि पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपासच असतो. रसाची आशा तर सोडूनच द्यावी, कारण रात्री गोठण आणि दिवसा वितळण असे चक्र चालले तरच तो वाहतो, आणि एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. कुंडीत जपानी मेपल आधीच आणला असेल, तर त्याला फक्त सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि पावसाच्या थेट माऱ्याखाली ठेवू नये. मुळाशी पाणी साचले तर तो कुजतो.

तांबड्या पालवीचीच हौस असेल, तर मेपलच्याच सॅपिंडेसी कुळातला आपला कोशिंब, ज्याला काही जण कुसुम म्हणतात, लावावा. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास त्याला फुटणारी गडद लाल पालवी पाहिल्यावर परदेशी झाडाची ओढ राहील, असे वाटत नाही.

जून-जुलैत त्याची आंबट फळे पिकतात. गर काढून, बी धुऊन, फार दिवस न साठवता पिशव्यांत पेरावे. तयार रोप असल्यास पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावे. जांभ्या दगडाच्या जमिनीत किमान ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे, आणि रोपाभोवती माती थोडी उंच ठेवावी, म्हणजे आषाढातले पाणी बुंध्याशी तुंबणार नाही. खाजनाची खारी, पाणथळ जमीन टाळावी. झाड मोठे आणि पसरट होते, म्हणून दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर सोडावे आणि घराजवळ किंवा माडा-पोफळींच्या ओळीत ते घुसवू नये. काजूच्या बागेची उतारावरची बाजू त्याला अधिक मानवते. वाढ सावकाश असते. पहिली तीन वर्षे गुरांपासून राखण करावी आणि मार्च ते मे या काळात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे.

कोशिंबावर लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ, म्हणजे कुसुमी लाख, उत्तम प्रतीची मानली जाते, तरी तिचा धंदा मुख्यतः झारखंड-छत्तीसगडकडचा आहे, त्यामुळे केवळ त्या उत्पन्नाच्या भरवशावर येथे लागवड करू नये. बियांतील गरात सायनाइड तयार करणारे घटक असतात. मुलांना फळाचा आंबट गर खाऊ द्यावा, मात्र बी फोडून खाऊ देऊ नये, आणि घाण्यावर काढलेले कच्चे तेल स्वयंपाकात वापरू नये.