निवृत्तीनंतर पक्षकार्यात येताना: नागपूरच्या महिलांसाठी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर राजकारणात यावेसे वाटले, की बहुतेक महिला आधी ओळखीच्या पुढाऱ्याला भेटतात. माझे स्पष्ट मत आहे की सुरुवात आपल्या मतदान केंद्रापासून, कार्यकर्त्यांच्या भाषेत बूथपासून, करावी, कारण उमेदवारीची चर्चा निघाली की तिथे तुमचे काम किती, हे विचारले जातेच. शासकीय सेवेत असताना पक्षाचे सदस्य होता येत नाही; निवृत्तिवेतन मात्र आड येत नाही.

सदस्यत्व घेतल्यावर बूथची मतदार यादी मिळवा आणि पेन्सिल घेऊन घरोघरी जा. मृतांची नावे, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, अठरा पूर्ण झालेली पण यादीत नसलेली नातवंडे, सारे समासात टिपा. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी ७ आणि दुरुस्ती किंवा पत्ताबदलासाठी ८ भरून घ्यावा लागतो. महाल भागातल्या जुन्या घरांत दुपारच्या वेळी अनोळखी पुरुष कार्यकर्त्याशी दारातूनच बोलणे होते, पण वयाने मोठ्या बाईला आत बसवून पाणी दिले जाते, आणि मग नळाला येणाऱ्या कमी दाबाच्या पाण्यापासून तुंबलेल्या गडरलाइनपर्यंत सगळे कानावर येते. ती तक्रार त्याच आठवड्यात महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, आणि पोचेची प्रत त्या घरी नेऊन दाखवा. उशिरा येणाऱ्या स्त्रीचे खरे बळ मला इथे दिसते.

पक्षाच्या बैठकीत स्वतः बोला. पत्रकावर पतीचा नव्हे, आपला मोबाइल क्रमांक छापा. हा आग्रह पहिल्याच दिवशी धरला नाही, तर पुढे तो धरणे फार जड जाते.

महानगरपालिकेच्या १५१ जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव असतात, पण कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, हे सोडतीत ठरते. बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडून येत असल्याने उरलेल्या तीन जागांवरील सहकाऱ्यांशीही आधीपासून जुळवून घ्यावे लागते. राखीव प्रवर्गातून लढायचे असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचे काम आजच सुरू करा, मालमत्ता कराची थकबाकी भरून पावती जपून ठेवा, आणि पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाच्या अधिकृत उमेदवार असल्याचे पत्र, मुदतीच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचला की नाही, याची खात्री स्वतः करून घ्या.