दोन शेडमध्ये अडलात? रंगांची तुलना अशी करा

शेड कार्डावरचा इवलासा चौकोन आणि चार भिंती यांत फार अंतर असते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून कार्डावर फिका वाटलेला पिवळा खोलीत भडक होतो.

दोन्ही शेडचे लहान डबे आणा. फिनिश एकच हवे; मॅट आणि सॅटिन यांची तुलना केलीत तर चकाकीतला फरक रंगाचा वाटेल. पॅच थेट भिंतीवर मारू नका. जुना रंग नजरेला फसवतो आणि पॅचची कड पुढे नव्या रंगाखालीही उठून दिसते. त्याऐवजी साधारण 2 बाय 2 फुटांचे जाड पांढरे बोर्ड घ्या. प्रायमरचा एक हात, मग रोलरने रंगाचे दोन हात द्या. कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि निवाडा दुसऱ्या दिवशी करा, कारण ओला रंग खरा दिसत नाही.

आधी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवा. झाक इथेच कळते: एकट्याने साधा वाटणारा करडा दुसऱ्याजवळ हिरवट किंवा जांभळट निघतो. पण निवड इथे करू नका, शेजारचा रंग हा फरक फुगवतो. आता एक बोर्ड खोलीबाहेर न्या आणि दिवसभर एकच पाहा. दुसऱ्याची पाळी दुसऱ्या दिवशी.

बोर्ड उभाच ठेवा. जमिनीवर आडवा ठेवल्यास त्यावर छताकडचा उजेड पडतो. खिडकीची भिंत, तिच्या समोरची भिंत आणि सर्वांत अंधारा कोपरा, तिन्हीकडे सकाळी, दुपारी आणि दिवे लावून पाहा. 2700 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) दिवा रंग पिवळट करतो, 6500 चा निळसर. दिवसा जवळजवळ सारखे दिसणारे दोन रंग दिव्याखाली वेगळे पडू शकतात, त्यामुळे खोलीत जे दिवे राहणार तेच लावा. फरशी, पडदे, सोफ्याचे कापडही बोर्डाला टेकवून बघा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा पांढरा तोल (उजेडानुसार रंग जुळवून घेणे, म्हणजे व्हाइट बॅलन्स) आपोआप बदलतो.

ठरलेल्या बोर्डाच्या मागे शेडचा कोड, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनवतात तो मूळ रंग) आणि फिनिश लिहा. मोठे डबे आले की थोडा रंग कागदावर लावून वाळवा, बोर्डाशी जुळवा. डबे वेगवेगळ्या बॅचचे असतील तर एका बादलीत एकत्र ढवळूनच कामाला घ्या.