‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा संदेश आल्यास काय करावे

कापूस-सोयाबीनचे चुकारे खात्यात जमा होण्याच्या दिवसांत, दिवेलागणीच्या सुमारास मोबाईलवर एक संदेश येतो. मागील महिन्याचे बिल ‘अपडेट’ झालेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, तरी त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा त्यातील मजकूर असतो आणि खाली दहा आकडी मोबाईल क्रमांक दिलेला असतो. सायंकाळची वेळ मुद्दाम निवडलेली असते, कारण तोपर्यंत महावितरणचे शाखा कार्यालय बंद झालेले असते आणि खरे-खोटे विचारायला जवळ कोणी नसते. बिल भरल्याची पावती खिशात असूनही आमच्या शेजारच्या काकांनी घाबरून त्या क्रमांकावर फोन केला होता. घरात मुलीची बारावीची परीक्षा आणि शेतात हरभऱ्याचे ओलीत सुरू असताना माणूस घाबरणारच, त्यात त्यांच्या अडाणीपणाचा काही संबंध नव्हता.

म्हणून सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वीज कायदा, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी पुरवठा खंडित करण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संदेश आला त्याच रात्री लाईन कापण्याची धमकी या नियमातच बसत नाही. ती आली की काहीही न करता सकाळपर्यंत थांबले तरी चालते. लोडशेडिंगमध्ये कित्येक रात्री काढलेल्या आपल्या भागातील माणसाला एका रात्रीच्या अंधाराची भीती घालून कोणी खाते रिकामे करावे, हे मला फार लागते.

सकाळपर्यंत थांबवत नसेल, तर मागील बिल हातात घ्यावे. त्यावर तुमचा 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो. महावितरणचे अधिकृत संदेश कोणाच्या वैयक्तिक मोबाईल क्रमांकावरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि कोणा अधिकाऱ्याच्या खासगी क्रमांकावर फोन करा असे त्यांत सांगितलेले नसते. तरीही शंका उरल्यास 1912 अथवा 1800-212-3435 या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करावी. हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असे शोधून मिळालेला क्रमांक मात्र कधीही लावू नये, कारण तेथेही भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

धमकीच्या संदेशातील क्रमांकावर फोन लागलाच, तर पुढे काय घडते ते माहीत असलेले बरे. समोरचा माणूस अत्यंत नम्रपणे बोलतो, क्वचित ग्राहकाचे नावही घेतो, आणि फक्त दहा रुपये भरून बिल ‘अपडेट’ करायला सांगतो. त्याला ते दहा रुपये नको असतात. त्याआधी तो ‘एनीडेस्क’सारखे, तुमच्या मोबाईलची स्क्रीन त्याला दाखवणारे ॲप घ्यायला लावतो, किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाईल, म्हणजे उघडताच मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवतो. तुम्ही दहा रुपये भरताना कार्डाचा क्रमांक आणि पिन टाकता, तो त्याला दिसतो, आणि बँकेचा ओटीपीही त्याच्यापर्यंत पोहोचतो. वीजबिल भरण्यासाठी असे कोणतेही ॲप लागत नाही. तसेच परतावा देतो म्हणून कोणी यूपीआय पिन मागितल्यास तेथेच फोन बंद करावा, कारण पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे.

शेतकऱ्यांना वेगळे जाळे टाकले जाते. सौर कृषी पंप मंजूर झाला, हिस्सा लवकर भरा, असे संदेश बनावट संकेतस्थळांच्या दुव्यांसह येतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत लाभार्थ्याला साधारणपणे 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो, हे खरे असल्यामुळेच संदेशही खरा वाटतो. दुव्याला हात न लावता अर्जाची स्थिती महावितरणच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी, नाहीतर कार्यालयात जाऊन विचारावी. दारात कोणी मीटर बदलायला किंवा वसुलीला आल्यास ओळखपत्र पाहावे आणि गावच्या लाईनमनला फोन करून खात्री करावी. रोख रक्कम हातात न देता अधिकृत भरणा केंद्रावर भरून छापील पावती घ्यावी.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर मोबाईलचे इंटरनेट ताबडतोब बंद करून दुसऱ्याच्या फोनवरून 1930 या सायबर हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी आणि लगेच बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवायला सांगावे. गेलेली रक्कम काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती वाटेत अडकवता येते ती तक्रार लवकर झाली तरच. पोरांना काय सांगू, या लाजेने लोक रात्रभर गप्प बसतात आणि तेवढ्यात उरलेली रक्कमही जाते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या निर्देशांनुसार पिन-ओटीपी ग्राहकानेच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यासाठी बँकेला कळवल्याची तारीख, वेळ व तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.