फॅट शून्य की फॅट मोजलंच नाही? सी शार्पमध्ये नल कसा हाताळावा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा संकलनाचा प्रोग्राम मी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. एका सकाळी फॅटचं मशीन बंद पडलं आणि पावतीवर छापून आलं, फॅट ०.०. "माझी म्हस काय पाणी देतीया व्हय?" सभासद काउंटरवरच तापले. चूक माझी. मी 'फॅट ?? ०' लिहून मोकळा झालो होतो, म्हणजे नल ('किंमतच नाही') आला की शून्य.

इंट (पूर्णांक), डेसिमल (दशांश), बूल (खरं-खोटं), डेटटाइम (तारीख-वेळ) हे व्हॅल्यू टाइप, म्हणजे किंमत थेट स्वतःत ठेवणारे. त्यांत नल मावत नाही. क्लासमधल्या फील्डला काही दिलं नाही, तर आकडा ० आणि तारीख थेट १ जानेवारी ०००१! म्हणून जिथं माहिती नसू शकते, तिथं टाइपला प्रश्नचिन्ह जोडा: 'डेसिमल? फॅट'. ही सोय २००५ च्या सी शार्प २.० पासून आहे.

वाचताना आधी हॅजव्हॅल्यू (किंमत आहे का) तपासा, मगच व्हॅल्यू घ्या. नाहीतर एक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्राम अडवणारी चूक, ठरलेली. खरी मेख तुलनेत आहे. फॅट नल असेल तर 'फॅट < ६' खोटं, आणि 'फॅट >= ६' हेही खोटंच. 'सहाच्या खाली कपात, एल्समध्ये पूर्ण दर' असं लिहिलंत, तर न मोजलेलं दूध पूर्ण दरानं जातं. त्यामुळं 'इज नल'चा इफ सगळ्यात वर हवा. लिटर गुणिले नल केलं की रक्कमही नल. लिंकचं (LINQ, याद्यांवर काम करायची सी शार्पमधली सोय) सम, म्हणजे बेरीज, अशा रकमा मुकाट्यानं वगळतं, आणि दहा दिवसांच्या बिलात एका वेळचे पैसे गायब!

स्ट्रिंग, अ‍ॅरे आणि आपले क्लास हे रेफरन्स टाइप, म्हणजे माहिती कुठं आहे ते दाखवणारे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला. २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हणाले. सभासदाचं बँक खातं नोंदवलेलंच नसेल, तर 'सभासद.खाते.क्रमांक' तिथंच कोसळतं. 'सभासद?.खाते?.क्रमांक' लिहा, मधलं काही नल असलं तर उत्तर नल येतं, मग 'रोखीनं द्या' असं दाखवा.

प्रोजेक्ट फाइलमध्ये नलेबल 'इनेबल' करा (सी शार्प ८, २०१९ पासून). मग नुसती 'स्ट्रिंग' म्हणजे नल नको आणि 'स्ट्रिंग?' म्हणजे चालेल. पण हा फक्त कंपायलरचा (कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामचा) इशारा. डेटाबेसमधून किंवा जेसनमधून (प्रोग्रामांत माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) आलेला नल त्याला जुमानत नाही, तो आत येतानाच तपासा. आणि इशारा गप्प करायला उद्गारचिन्ह लावू नका. त्यानं नल जात नाही, नुसती इशाऱ्याची रेघ जाते.

त्या पावतीवर आता 'फॅट: मोजलं नाही' असं छापतं.