डिस्प्ले बदलायच्या आधी बोट बदलून पहा

घाटंजीच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं टेबल आहे. टेबलामागे बाई दिसली की गिऱ्हाईक आधी इकडंतिकडं पाहतं आणि विचारतं, "मेकॅनिक कुठी गेला जी?" मीच मेकॅनिक. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला जोर आला की माझ्याकडं एकाच तक्रारीची रीघ लागते, टच चालत नाही.

गेल्या हंगामात एक काकाजी आले. मोठ्या गावातल्या एका दुकानात त्यांना डिस्प्ले बदलायचे १८०० रुपये सांगितले होते. "दाबू दाबू अंगठा दुखून रायला पोरी, पन हा आयकतच नाही." मी फोन घेतला, माझ्या बोटानं नंबर लावला, लागला. त्यांच्या हातात दिला, काहीच नाही. मग मी फोन बाजूला ठेवून त्यांचा अंगठा पाहिला. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी टोकं ओरबाडून ओरबाडून कातडं चिंचोक्यासारखं टणक झालेलं, त्यात काळ्या भेगा. फोनला काहीही झालं नव्हतं.

म्हणून पैसे काढायच्या आधी घरीच एवढं करून पहा.

आधी स्क्रीन कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. नखाच्या टोकानं एखादं चित्र दाबा, बोटाचं मांस टेकू देऊ नका. उघडलं तर स्क्रीन रेझिस्टिव्ह. नाहीच उघडलं आणि बोटाच्या हलक्या स्पर्शानं उघडलं, तर कपॅसिटिव्ह. आज हातात असलेले जवळपास सगळे स्मार्टफोन दुसऱ्या जातीचे. पहिल्या जातीचे माझ्याकडं अजूनही येतात, कारण आपल्याकडं चालता फोन कुणी फेकत नाही. २०१० च्या सुमारास नोकिया ५२३३ घरोघरी होता, तो रेझिस्टिव्ह. मी त्याच्यावरच हात बसवला.

रेझिस्टिव्ह स्क्रीनला दाब कळतो, बोट कळत नाही. खाली काच, वर पातळ प्लास्टिकचा पडदा, दोघांच्या समोरासमोरच्या अंगांना वीज वाहणारा पारदर्शक लेप आणि ते आपसांत चिकटू नयेत म्हणून मधे मोहरीपेक्षा कितीतरी बारीक ठिपके. दाबलं की पडदा वाकून काचेला टेकतो. टेकला तिथं व्होल्टेज किती भरतं ते फोन मोजतो, एकदा आडवं, एकदा उभं, आणि जागा ठरवतो. मग दाबणारं बोट असो, काडी असो, की तुरीची शेंग. असा फोन एक सोडून शेजारचंच बटण दाबत असेल तर त्याचं माप सरकलंय. ५२३३ मध्ये सेटिंग्जमध्ये फोन, त्यात टच इनपुट आणि त्यात कॅलिब्रेशन असतं. पडद्यावर फुल्या येतात. बोटानं नाही, काडीच्या टोकानं, फुलीच्या बरोबर मधोमध दाबायचं. घाईत वाकडंतिकडं दाबलं तर फोन तेच वाकडं माप खरं मानून बसतो. त्याआधी कडेच्या फटीतली माती मऊ ब्रशनं काढा. तिथं खडा अडकला तर पडदा कायम दाबलेला राहतो आणि फोनला वाटतं कुणीतरी बोट ठेवलंय.

कपॅसिटिव्हचं गणित वेगळं. काचेखाली आडव्याउभ्या तारांचं न दिसणारं जाळं असतं आणि प्रत्येक चौकात थोडा विजेचा भार धरलेला असतो. आपल्या अंगात पाणी आणि क्षार, म्हणून बोट जवळ आलं की ते त्यातला थोडा भार ओढून घेतं. ही चोरी इतकी बारीक की मोजायला पिकोफॅरड हे विजेचं बारीक मापसुद्धा मोठं पडतं. फोन तेवढी घट पकडतो आणि म्हणतो, बोट इथं आहे. जोर लावल्यानं बोट जरा चपटं होऊन जास्त जागेवर टेकतं, फायदा झाला तर तेवढाच. काकाजी अंगठा दुखेस्तोवर दाबत होते ती सवय जुन्या फोनची.

आता टणक कातड्याचा त्रास कळेल. वरचं कातडं मेलेलं, कोरडं, त्यात पाणी नाही. खालचं जिवंत बोट काचेपासून तेवढंच लांब राहतं आणि भेगांमुळं टेकतंही कमी. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही ते दुखणं निराळं, तिथं रेषा झिजलेल्या असतात. इथं रेषांशी काही देणंघेणं नाही.

दोष हाताचा की फोनचा, हे पाहायची सोय अँड्रॉइड फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये फोनविषयीची माहिती उघडा, बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा. डेव्हलपर ऑप्शन्स नावाचं पान सुरू होतं. त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. आता बोट फिरवाल तिथं रेघ उमटते. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, शेत नांगरल्यासारख्या जवळजवळ रेघा ओढा. मग दुसऱ्या माणसाला ओढायला लावा, जमलं तर शाळेतल्या पोराला. काकाजींच्या अंगठ्याची रेघ दर दोन बोटांवर तुटत होती आणि दर वेळी वेगळ्याच जागी. माझी रेघ सलग. सगळ्यांची रेघ एकाच पट्ट्यात तुटली असती तर मीही डिस्प्लेच सांगितला असता. पाहून झालं की ते बंद करा, नाहीतर रेघा दिसत राहतात आणि लोक फोन बिघडला म्हणून पुन्हा येतात.

हाताचा दोष निघाला तर पैसे लागत नाहीत. अंगठा सोडा. वेचणीत अंगठा आणि पहिली दोन बोटं झिजतात, करंगळी बरीच शाबूत राहते. बोटाचं टोक न लावता बाजूचा मऊ भाग आडवा टेकवा. ओल्या फडक्यावर बोट टेकवून नुसतं पुसून घ्या, दमट राहिलं पाहिजे, थेंब नको. माझ्या सासूबाई बोटावर हाऽ करून वाफ सोडतात आणि मग नातवाला फोन लावतात, तेही चालतं. खोबरेल तेल चोपडून लगेच फोन धरू नका. तेल वीज वाहत नाही, वर काच माखते ती वेगळी. तेच तेल झोपताना, हात धुतल्यावर ओलसर कातडीला लावलं तर महिनाभरात कातडं मऊ पडतं.

काडी हवीच असेल तर कानात घालायची कापसाची काडी ओली करून पिळा. दांडी प्लास्टिकची असेल तर धरलेलं बोट ओल्या कापसाला टेकलेलं हवं, तरच स्पर्श तुमच्या अंगापर्यंत पोचतो. माझा मुलगा न सोललेल्या केळानं फोन उचलून दाखवतो. केळात पाणी आहे, त्यामुळं चालतं.

मग काच पहा. बाजारात लावून मिळणारी टेम्पर्ड ग्लास ०.३३ मिलिमीटरची असेल आणि नीट चिकटलेली असेल तर अडत नाही. पण जुनी न काढता तिच्यावर नवी लावलेली मी कितीदा पाहिली आहे! कडेनं उचललेली, आत हवा आणि फुफाटा. तेवढं अंतर त्या बारीक चोरीला पुष्कळ होतं. दोन्ही काढा, पुसा, एकच लावा. काही फोनमध्ये, सॅमसंगमध्ये तर आहेच, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटीचं बटण असतं. ते काचेसाठीच दिलंय आणि टणक बोटालाही मदत करतं. चालू केल्यावर फोन खिशात आपोआप दाबला जाऊ लागला तर बंद करा.

खाटेवर ठेवलेला फोन ऐकत नाही आणि उचलून हातात धरला की ऐकतो, हा भुताटकीचा प्रकार नाही. ओढलेल्या भाराला परतीची वाट लागते, हातात धरल्यावर ती तुमच्या अंगातून मिळते. चार्जिंगला लावल्यावर फोन आपलाआपण उघडबंद होत असेल तर चार्जर काढून पहा. थांबलं? मग चार्जर बदला, स्वस्तातल्या चार्जरची गडबड स्क्रीनला बोटासारखी वाटते.

खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून करायची पिकाची सरकारी नोंद, पावसाळ्यात येते. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नेमकी तेव्हा रिमझिम लागते. काचेवरचा थेंबही भार हलवतो, म्हणून फोन वाटेल तिथं उघडतो. ओल्या शर्टानं पुसून आणखी फासू नका. कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फोटोच्या वेळी कुणाला तरी छत्री धरायला लावा.

फवारणीचे हातमोजे घालून कपॅसिटिव्ह फोन चालत नाही आणि तो चालवायची युक्ती मी सांगणार नाही. ५२३३ वाले मोज्यानिशी फोन उचलायचे, ते मला तेव्हाही बरं वाटत नसे. मोज्यावरचं औषध फोनवर आणि फोनवरचं गालाला. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. फवारणीच्या वेळी फोन घरी ठेवा, नाहीतर दूर झाडाला पिशवीत टांगा. हात साबणानं धुऊन मगच घ्या, वाजू द्या तोवर.

एवढं सगळं करून रेघ त्याच पट्ट्यात तुटत असेल, किंवा फोन पडून काच तडकल्यापासून हे सुरू झालं असेल, तर डिस्प्ले खरंच गेला. मग या.

काकाजींच्या फोनवरच्या दोन काचा काढल्या, एक लावली, तिचेच पैसे घेतले. "करंगळीनं फोन लावू? लोकं हासतीन ना," म्हणाले आणि तिथंच बसून करंगळीनं लेकीला फोन लावला.