अंधारात चालकाला दिसावे कसे : ब्लॅकआउटच्या रस्त्यांनी शिकवलेल्या सवयी

रात्री पायी चालणाऱ्यांचा एक समज फार घातक असतो. गाडी आपल्याला दिसते आहे, म्हणजे चालकालाही आपण दिसत असणार, असे त्यांना वाटते. वास्तविक गाडीचे दिवे आपल्याला अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतात, परंतु चालकाला दिसतो तो त्या दिव्यांनी उजळलेला रस्त्याचा तुकडा, आणि गडद कपड्यांतला माणूस त्या तुकड्यात येईपर्यंत चालकाच्या लेखी तिथे कोणीच नसते. आपण किती अंतरावरून दिसतो याचा अंदाज पादचारी हमखास वाढवून करतात, हे चाचण्यांत वारंवार आढळले आहे. त्यामुळे दिसण्याची व्यवस्था चालकावर न सोपवता स्वतःच करावी लागते. ती कशी करावी हे पुढे सांगितले आहे, आणि त्यासोबत ब्रिटनमधील दुसऱ्या महायुद्धाच्या काळाची हकिकतही दिली आहे, कारण यांतल्या बऱ्याच सवयींमागचे कारण त्या काळात फार मोठी किंमत मोजून कळले.

जर्मन विमानांना शहरे ओळखता येऊ नयेत म्हणून १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी, ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. रस्त्यांवरचे दिवे विझले, खिडक्यांना काळे पडदे लागले आणि गाड्यांच्या हेडलाइटवर उजेडाची फक्त बारीक चीर खाली पडेल अशी झाकणे बसली. बॉम्ब पडायला अजून कित्येक महिने होते, पण रस्त्यांवर माणसे लगेच मरू लागली. राजाचे शल्यचिकित्सक विल्फ्रेड ट्रॉटर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की, देशाला अंधाराची सक्ती करायला लावून शत्रूचे विमानदल एकदाही उड्डाण न करता महिन्याला ६०० नागरिकांचे बळी घेऊ शकते. पेट्रोल रेशनवर असताना आणि रस्त्यावरच्या खासगी गाड्या कमी झालेल्या असतानाही १९४१ मध्ये ब्रिटनमधील रस्ते-अपघातांत ९,१६९ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे एका वर्षात इतके रस्ते-मृत्यू त्याआधी किंवा त्यानंतर कधीही झालेले नाहीत.

यावर झालेले उपाय साधे होते. फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे आणि खांब यांवर पांढरे पट्टे रंगवले गेले, गाड्यांचे बंपर पांढरे झाले, पुरुषांना सदऱ्याची टोके बाहेर सोडून चालण्याचा सल्ला मिळाला आणि काही शेतकऱ्यांनी गायींच्या अंगावरही पांढरे पट्टे ओढले. फेब्रुवारी १९४० पासून वस्तीच्या भागात रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, करण्यात आली. वेगाचा हा मुद्दा पादचाऱ्यानेही नीट समजून घ्यावा असा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे ओळखून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी तितकेच अंतर लागते. डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या, उजेडात गडद कपड्यांतला माणूस अनेकदा ३० मीटरच्या आसपास आल्यावरच लक्षात येतो. म्हणजे उत्तम चालकसुद्धा ब्रेक दाबण्याआधीच त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. आपल्याला किमान ७० मीटरवरून, आणि शक्यतो त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावरून, दिसायचे आहे, हे लक्षात ठेवून बाकीची तयारी करावी.

पांढरा कपडा काळ्यापेक्षा निश्चित बरा, पण त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो आणि चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला अगदी थोडा अंश परत जातो. परावर्तक पट्टी, जिला सर्रास रेडियमची पट्टी म्हटले जाते, वेगळ्या रीतीने काम करते. तिच्यातले काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्लास्टिकचे बारीक प्रिझम आलेला उजेड जिथून आला त्याच दिशेला, अरुंद झोताच्या रूपात, परत पाठवतात. चालकाचे डोळे त्याच्याच गाडीच्या दिव्यांपासून फार दूर नसल्यामुळे तो झोत नेमका त्याच्याकडे जातो. याच तत्त्वावर इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी रस्त्यात बसवायचे ‘कॅट्स आय’ तयार केले आणि १९३४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ब्लॅकआउटमध्ये झाकलेल्या हेडलाइटच्या क्षीण उजेडातही रस्त्याची मधली रेषा या काचेच्या डोळ्यांमुळे कळत असे आणि त्यांचे मोल तेव्हा सर्वांना पटले. त्यांच्या रचनेतली मला सर्वांत हुशारीची वाटणारी गोष्ट म्हणजे, चाक वरून गेले की काच रबराच्या बैठकीत खाली दबते आणि साठलेल्या पावसाच्या पाण्याने आपोआप पुसली जाते.

परावर्तक विकत घेताना त्याची परीक्षा हातात धरून किंवा खोलीच्या दिव्याखाली करू नये, कारण तिथे तो निव्वळ राखाडी दिसतो. अंधारात तो ५० पावलांवर टांगावा, टॉर्च आपल्या कानशिलाला टेकवून डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि पाहावे. चांगला परावर्तक जणू स्वतःच पेटलेला दिसेल. मग टॉर्च हात लांब करून बाजूला न्यावा म्हणजे तेज एकदम उतरते, आणि रस्त्याने सोबत चालणाऱ्याला आपला परावर्तक का चमकताना दिसत नाही, हेही कळते. जुन्या पट्टीचीही अशीच अधूनमधून तपासणी करावी, कारण धुण्याने, घासण्याने आणि धुळीने ती निकामी होते. उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की तिची चमक बरीच घटते, त्यामुळे पावसात चालायचे असेल तर प्रिझमची पट्टी घ्यावी.

भडक पिवळ्या-केशरी फ्लुरोसंट रंगाबद्दल मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतील बॉब आणि जो स्विट्झर या भावांनी विकसित केलेले हे रंग महायुद्धात विमानांना खुणा करण्याच्या कापडी फलकांसाठी वापरले गेले. ते डोळ्यांत भरतात याचे कारण उन्हातील अतिनील किरण शोषून ते दृश्य उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ दिवसा त्यांचा उपयोग फार होतो. रात्री मात्र अतिनील किरण नसतात आणि हेडलाइटमध्येही ते नगण्य असतात, म्हणून परावर्तक पट्ट्या नसलेले नुसते फ्लुरोसंट जाकीट घालून अंधाऱ्या रस्त्यावर निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

पट्टी कुठे लावायची, याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत अधिक फरक तिथेच पडतो. एकच पट्टी लावायची असेल तर ती छातीवर न लावता घोट्यांवर लावावी. याला दोन कारणे आहेत. डिपरचा झोत खाली झुकलेला असल्याने दूरवर तो आधी पायांवर पडतो. दुसरे कारण आपल्या मेंदूशी संबंधित आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये दाखवले की, काळोखात माणसाच्या फक्त सांध्यांवर ठिपक्यांएवढे दिवे लावले तरी, तो चालू लागताच बघणाऱ्याला तो माणूस असल्याचे क्षणात ओळखू येते. छातीवरची स्थिर चमक खांब किंवा फलक असू शकते, तर खालीवर होणारे दोन घोटे माणसाचेच असतात. पुढे झालेल्या रस्त्यावरच्या चाचण्यांतही घोटे, गुडघे आणि मनगटे यांवर पट्ट्या असलेला पादचारी अधिक दुरून ओळखला गेला. पट्टी घोट्याभोवती पूर्ण फिरवावी, म्हणजे ती मागून आणि बाजूनेही दिसेल. फिनलंडमध्ये, जिथे अंधारात चालणाऱ्याने परावर्तक वापरावा असा कायदाच आहे, तो दोऱ्याने खिशाला बांधून गुडघ्याच्या उंचीवर लोंबता सोडतात. तो चालताना गरगरत राहतो आणि ती लुकलुक चटकन नजर ओढून घेते.

टॉर्च हवाच, पण तो वापरण्याचीही रीत आहे. ब्लॅकआउटमध्ये टॉर्चच्या काचेवर पातळ कागदाचे दोन थर लावून तो जमिनीकडेच धरण्याचा नियम होता. आज कागदाची गरज नाही, पण रोख खालीच ठेवावा. चालकाच्या तोंडावर उजेड मारला तर त्याचे डोळे दिपतात आणि आपण जिथे उभे असतो नेमकी तीच जागा त्याला दिसेनाशी होते.

स्वतःच्या डोळ्यांची काळजीही याच तयारीत येते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि मोबाइलच्या पडद्याकडे थोडा वेळ पाहिले तरी त्यातला बराच सराव वाया जातो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो, म्हणून युद्धकाळात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिक लाल चष्मे लावून बसत. याच पेशी नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर नसतात. त्यामुळे काळोखात एखादी अस्पष्ट वस्तू न्याहाळताना तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. गाजर खाल्ल्याने रात्री चांगले दिसते, ही ख्याती मात्र निम्मीच खरी आहे. १९४० मध्ये विमानातील रडारच्या मदतीने रात्री शत्रूचे विमान पाडणारे ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम यांच्या यशाचे श्रेय, रडारचे गुपित राखण्यासाठी, लोकांपुढे गाजरांना देण्यात आले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो हे खरे, पण ज्याला अभाव नाही त्याची नजर जादा गाजरे खाऊन सुधारत नाही.

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेने, एकामागे एक चालावे, आणि गटात असल्यास पहिल्या व शेवटच्या माणसाच्या अंगावर परावर्तक असायलाच हवा. वळणावर चालकाचा झोत सरळ पुढे जात असल्याने आपण उजेडाच्या बाहेर राहतो, तेव्हा तिथे रस्ता ओलांडू नये. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी गाड्या येत असतील तर त्या एकमेकींना पार करून जाईपर्यंत रस्त्यापासून दूर सरून थांबावे, कारण समोरच्या दिव्यांनी दिपलेल्या चालकाला त्या काही क्षणांत आपला परावर्तकही दिसेल याची खात्री नसते.