सेबी क्लाउनफिश घरी पाळायचा असेल तर

निमोची केशरी-पांढरी जोडी आता कुठल्याही मरीन टँकमध्ये दिसते, त्यात वाईट काही नाही, पण आपल्याच समुद्रातला एक क्लाउन आहे त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सेबी, म्हणजे अँफिप्रिऑन सेबी. मन्नारचं आखात, अंदमान, श्रीलंका, मालदीव हा याचा इलाका. काळपट चॉकलेटी अंग, दोन पांढरे पट्टे, पिवळी शेपटी, आणि मादी चांगली 14-15 सेंटीमीटरपर्यंत वाढते, निमोच्या जवळपास दीडपट. मासा दणकट आहे, पहिल्यांदा मरीन करणाऱ्यालाही जमेल, फक्त जागा आणि स्थिर पाणी द्यायची तयारी पाहिजे.

घेताना आधी ओळखायला शिका, कारण सेबी सांगून क्लार्की हा दुसराच क्लाउन गळ्यात मारणं सर्रास चालतं. शेपटीच्या बुडाशी बघायचं, क्लार्कीला तिथे तिसरा पांढरा पट्टा असतो, सेबीला नसतो, शेपटी सरळ पिवळी किंवा पिवळसर केशरी. सेबीचा मधला पट्टा जरा मागे कललेला असतो आणि वर पाठीच्या पंखावर चढतो. शेपटी मधून काळी आणि कडेने पांढरी असेल तर तो सॅडलबॅक, वेगळाच क्लाउन. दुकानात मासा एकाच बाजूने बघून पैसे देऊ नका, फिरू द्या, समोर खायला टाकायला सांगा, खात नसेल तर घेऊच नका. हॅचरीत वाढलेला मिळाला तर सोनं. तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने) सेबीचं ब्रीडिंग कधीच जमवलंय, आपल्याकडे ऐरोलीलाही क्लाउनची हॅचरी आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेलाच घ्यायला पाहिजे असं काही नाही.

टँक चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ साधारण 250 लिटर. दोन फुटी टँकमध्ये पिल्लू मस्त दिसतं हो, पण वर्ष-दीड वर्षात तेच पिल्लू बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडतं. पाणी, काच, दगड, वाळू मिळून वजन 300 किलोच्या वर जातं तेव्हा स्टँड लोखंडीच करून घ्या.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार काढून टाकलेलं. घरातल्या प्यायच्या आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) ठेवलेला असतो, ते पाणी चालत नाही, शैवालाला आमंत्रण. समुद्रावरून कॅन भरून आणायची आयडिया मुंबईत तरी डोक्यातून काढून टाका. मरीन सॉल्ट लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम लागतं, नक्की किती ते पाकिटावर बघा, ते आधी बादलीत पंप लावून पूर्ण विरघळवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, 1.025 आलं की मगच टँकमध्ये. आणि एक गोष्ट नवीन लोकांना हमखास कळत नाही, बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, मीठ आतच राहतं, म्हणून रोजचा टॉप-अप गोड्या आरओ पाण्याचा करायचा, खारं पाणी फक्त वॉटर चेंजला.

दगड ड्राय रॉक किंवा सिरॅमिकचाच घ्या. कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल एकमध्ये आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे उचलून आणणं हा गुन्हा आहे, मेलेला तुकडा असला तरी. सायकल व्हायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढायला, चार ते सहा आठवडे धरून चाला, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. पुढे नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली ठेवा आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, बस.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, गरमी आणि लाइट. पाणी 25 ते 28 डिग्रीत पाहिजे. पुण्या-नाशकात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, तिथे पाण्यावर मारणारा साधा क्लिप-ऑन फॅनसुद्धा दोन-तीन डिग्री उतरवतो, पण पाणी इतकं उडतं की ऑटो टॉप-अप नसेल तर दोन दिवस गावाला गेलात की खारटपणा वर गेलेला. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फॅन फारसा चालत नाही, तिथे चिलर किंवा मग त्या खोलीत एसी, बजेटमध्ये हे आधीच धरा. लाइट गेली की आधी मरतो तो ऑक्सिजन, गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. निदान एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर टाका आणि बॅटरीवाला एअर पंप हाताशी ठेवा. गुरुवारी लाइट जाते हे पुणेकरांना सांगायला नको.

नवीन मासा थेट मेन टँकमध्ये नाही. वेगळ्या छोट्या टँकमध्ये, पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकून, तीन-चार आठवडे क्वारंटाइन. क्लाउनचा खास शत्रू म्हणजे ब्रुकलिनेला हा परजीवी, अंगावर पांढरट चिकट थर येतो, मासा पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात श्वास घेतो, आणि दोन दिवसांत खेळ खलास. त्याला फॉर्मलिन लागतं, कॉपरचा उपयोग नाही. कॉपर व्हाइट स्पॉट आणि व्हेल्वेट या रोगांसाठी, तेही क्वारंटाइनमध्येच, मेन टँकमध्ये टाकलंत तर अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्यात घर करतो तो फुलासारखा समुद्री प्राणी), गोगलगायी, कोळंब्या सगळं साफ.

खाण्याचे नखरे नाहीत. बारीक पेलेट, फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धुवून, बारीक चिरून फ्रीजरमध्ये ठेवली तर उत्तम. ओला जवळा मिळाला तर तुटून पडतात. सुका जवळा नको, त्यात मीठ आणि वाळू दोन्ही असतात. दिवसातून दोनदा थोडं थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

अ‍ॅनिमोनबद्दल लोक फार घाई करतात. अ‍ॅनिमोनशिवाय सेबी वर्षानुवर्षं मजेत राहतो, मातीच्या कुंडीलासुद्धा घर मानतो. सेबी अ‍ॅनिमोन नावाने जो विकतात त्यात हा मासा निसर्गात राहतच नाही, त्याचं घर हॅडॉनी कार्पेट ही वेगळी जात. तो घ्यायचाच असेल तर टँक निदान सहा महिने-वर्षभर जुना, लाइट दमदार आणि वाळूचा थर आठ-दहा सेंटीमीटर पाहिजे, कारण हा कार्पेट आपला पाय वाळूत खाली काचेपर्यंत रोवून बसतो. घेताना तोंड बघा, घट्ट मिटलेलं पाहिजे, लोंबणारं नको, आणि पाय फाटलेला नको. बोट लावलं तर चिकटपट्टीसारखा चिकटला पाहिजे. हात मात्र हिसकायचा नाही, त्याचे टेंटॅकल तुटतात, हळूच सोडवा. आणि हा गोबी, ब्लेनी असले खाली वावरणारे मासे बिनधास्त गिळतो, त्यामुळे एक तर ते ठेवा नाहीतर हा. पंपांना स्पंजचे गार्ड लावा, भटकत जाऊन त्यात अडकला तर चिंधड्या होतात आणि पाणी नासतं. हॅचरीतल्या सेबीला अ‍ॅनिमोन म्हणजे काय हे कळायलाच कधी कधी आठवडे लागतात, ढकलाढकली करू नका.

टँकमध्ये जोडी एकच, दुसऱ्या जातीचा क्लाउन अजिबात नको. एक मोठा आणि एक बारका आणा, मोठा मादी होतो, बारका नर राहतो, क्लाउनमध्ये तसंच असतं. सुरुवातीला बारका अंग थरथरवून शरणागती दाखवतो, ते बघून घाबरू नका, उलट जुळतंय समजा. पंख फाटायला लागले तर मात्र मध्ये जाळी टाका. जोडी जमली की काच पुसताना हाताला चावे बसणार, मादीचे चांगलेच लागतात, लांब दांड्याचा स्क्रॅपर घ्या.

अंडी कुंडीच्या किंवा दगडाच्या सपाट बाजूवर घालतात, राखण नर करतो, आणि आठवडाभराने अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. ती वाचवायची असतील तर वेगळा टँक आणि जिवंत रोटिफरचं (सूक्ष्म जलजीवांचं) कल्चर आधीपासून चालू लागतं, कारण पेलेटचा चुरा ती खात नाहीत.